दोन दिवसांचं प्रस्थान

"आई, आता सांगा, कैसा लगता है?"

माझी सून शरयू काळा गॉगल लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी डाळ निवडत होते. आमच्या घरात आधीच उजेड कमी, त्यात डोळ्यांवर ते काळं. ती पुढे यायला गेली आणि उंबऱ्याला ठेचकाळली.

"काढ ते आधी. विमानात चढायच्या आधीच पाय मोडून घेशील," मी म्हटलं.

"विमानात असंच जातात आई. थांबा, तुम्हाला दाखवते."

तिने मासिकातून कापलेलं एक चित्र आणलं. कोणी एक बाई विमानाच्या शिडीवरून उतरत होती. डोळ्यांवर गॉगल, डोक्याला हनुवटीखाली गाठ मारलेला रेशमी रुमाल, पायात पांढऱ्या सँडल, हातात चिमुकली पेटी. गेला महिनाभर शरयू ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या दुकानांतून त्या बाईची एकेक वस्तू जमवत होती. रुमाल तर असा शोधून आणला होता की त्याच्यावर निळी निळी विमानंच छापलेली.

शनिवारी ती आणि माझा मुलगा बळवंत भोपाळला जाणार होते आणि रविवारी संध्याकाळी परत. शरयूचे मामा महिपतराव तिकडे विमान कंपनीत होते, तिकिटं त्यांनीच पाठवली होती. तलाव बघायचे, मामांकडे राहायचं आणि यायचं, एवढाच बेत. मला मात्र घोर लागला होता. आमच्या दोन्ही घरांत आजवर कोणी जमीन सोडलेली नव्हती. बळवंतचे वडील जगदेवराव शिंद्यांच्या फौजेत होते. ते घोड्यावरून कितीदा तरी पडले, पण जमिनीवर पडले.

"बळवंत, तुझा गरम कोट खुंटीवर दिसत नाही तो?" मी बाहेरच्या खोलीकडे बघून विचारलं.

"धोब्याकडे आहे," तो वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाला.

"दिवाळीच्या आधीच?"

"कसर लागली होती गं."

मला काही ते पटलं नाही. कपड्यांत डांबराच्या गोळ्या मी स्वतः ठेवते. पण विषय वाढवला नाही. उगाच चिडवायला म्हणून विचारलं, "आणि प्रस्थान? ते ठेवलंत की नाही कुणाकडे?"

शरयूने चटकन बळवंतकडे बघितलं. मग बळवंत मोठ्याने हसला. "अगं आई, दो दिन की तो बात है. शनिवार-रविवारच्या सैर-सपाट्याला कसलं प्रस्थान?"

"तेही खरंच," मी म्हटलं. "दोन दिवसांना प्रस्थान नसतं."

प्रस्थानातलं मला कोणी शिकवायला नको. मुहूर्त एका दिवसाचा असतो आणि गाडी दुसऱ्या दिवसाची. मग मुहूर्तावर जाणाऱ्यांची एकेक वस्तू, हळद लावलेले तांदूळ आणि माणशी एक सुपारी असं रुमालात बांधायचं आणि वाटेवरच्या दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालो असं झालं. जायच्या दिवशी ते गाठोडं उचलून तसंच पुढे जायचं, घरी परत आणायचं नाही. घर सोडून लांब, पुष्कळ दिवसांसाठी जाणाऱ्याची ही रीत. आमचं घर दाना ओलीच्या अगदी तोंडाशी, त्यामुळे सगळ्या गल्लीची प्रस्थानं माझ्या देवघराच्या कोनाड्यात येत. पूर्वी ती लढाईवर जाणाऱ्यांची असत, नाहीतर काशीला जाणाऱ्यांची. मग संस्थान गेलं आणि मध्यभारत झाला. उन्हाळा आला की बळवंतची सरकारी कचेरी राजधानीबरोबर इंदूरला जाई, तिच्यामागे तोही जाई आणि थंडीच्या तोंडाला परत येई. त्या जाण्यायेण्याची मला सवय झाली होती.

आता मध्यभारतही जाणार होता. एक नोव्हेंबरपासून नवं राज्य, राजधानी भोपाळ. त्या पावसाळ्यात माझा कोनाडा म्हणून रिकामा राहिला नाही. दिनकररावांनी चष्म्याचं घर ठेवलं, पलीकडच्या वनमालेने नवी प्लॅस्टिकची पर्स ठेवली, आणि गेले ते गेलेच. काही कचेऱ्या ग्वाल्हेरलाच राहणार, आपली त्यांतली, असं बळवंत म्हणे. मी रोज विचारी आणि तो रोज म्हणे, "अजून काही तय नाही." त्याला बदलीचा हुकूम आला तर ही दोघं मला नेतील की नाही, ही एकच धास्ती मला रात्रंदिवस होती. पण ते विचारायची छाती होत नव्हती. विचारलं आणि 'नाही' आलं तर पुढे काय बोलायचं?

शुक्रवारी दुपारी मी जयेंद्रगंजला सुधाकडे गेले. तिचा चकलीचा सोऱ्या मागायचा होता. सुधा माझी जुनी मैत्रीण, बळवंतला तिने अंगाखांद्यावर खेळवलेलं. तिचं घर आमच्याकडून मुरारला आणि पुढे हवाई अड्ड्याला जायच्या वाटेवर. मला बघून ती चटकन उठली.

"बस, बस, मी आणते सोऱ्या. तू इथेच बस."

मी सवयीने देवाला हात जोडायला आत गेले. "अगं, तिकडे कुठे चालली," असं ती म्हणेपर्यंत मी देवघरात पोचलेही होते. देवांच्या शेजारी एक गाठोडं ठेवलेलं होतं. रेशमी रुमालाचं. निळी निळी विमानं छापलेल्या रुमालाचं.

प्रस्थान सोडून बघू नये. मी वरूनच चाचपलं. तांदूळ लागले. बळवंतच्या हातरुमालाची घडी लागली. शरयूच्या बांगडीची कड लागली. मग सुपाऱ्या. एक आणि दोन. तांदळात दबली असेल म्हणून मी गाठोडं हलकेच हलवलं आणि पुन्हा चाचपलं. दोनच होत्या.

"मंदा, खाली बस आधी. पाणी पी," सुधा मागून म्हणाली.

"कधी ठेवलं हे?"

"मंगळवारी. मुहूर्त होता म्हणे. शरयू एकटीच आली होती. मला शपथ घातली गं तिने."

"हुकूम आला?"

"कधीचा आलाय. एक तारखेला तिकडे हजर व्हायचंय. क्वार्टर मिळालं नाही, मामांकडे एक खोली देताहेत, त्यातच दोघं. सामान कचेरीच्या ट्रकमधून पुढे गेलं." सुधा खाली बघून बोलत होती. "बळवंत बोलला, आईला सांगितलं तर ती रडेल, मग माझा पाय नाही निघणार. तिकडे पोचून चिट्ठी लिहितो."

म्हणजे गरम कोट धोब्याकडे नव्हता, भोपाळला पोचला होता. मला राग आला. रडूही आलं, पण राग आधी आला. बळवंतला लहानपणी काढा द्यायचा तर गुळात लपवून द्यावा लागे, आणि आता तो मला गुळातून देत होता. तलाव काय, शनिवार-रविवार काय! आणि ही शरयू. 'हे सब पुराना है आई' असं म्हणणारी पोर, पण एकटी येऊन प्रस्थान ठेवून गेली होती. गॉगल लावून मिरवत होती तरी मनातून ती विमानाला घाबरलेली असणार. तिच्यावर मला धड रागावताही येईना.

सुधाने डब्यातून एक सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. "घे. टाक त्यात तिसरी. मी कुणाला सांगणार नाही."

फार मनात आलं. गाठ ढिली करून बोटाने आत सरकवायची, एवढंच काम होतं. माझा हात गाठीपर्यंत गेलाही होता.

"नको सुधा," मी म्हटलं. "जायचं ठरल्याशिवाय प्रस्थान ठेवू नये. सगळ्या गल्लीला मीच सांगत आले."

सुपारी मी पदराच्या टोकाला बांधली आणि निघाले. सोऱ्या तिथेच राहिला.

संध्याकाळी शरयू आपली आकाशी जॉर्जेटची साडी घेऊन माझ्याकडे आली. विमानाच्या पंख्यांचा वारा फार असतो, साडी पार वर उडते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. नऊवारी नेस म्हणजे काही उडणार नाही, असं मी एरवी म्हटलं असतं. त्या दिवशी काही म्हटलं नाही. जगदेवरावांच्या फौजी कोटाचं जाड अस्तर मी जपून ठेवलं होतं, त्याची पट्टी काढली आणि साडीच्या काठाला आतून शिवायला बसले. शरयू जवळच बसून राहिली.

"आई."

"काय?"

"काही नाही."

बाहेर बळवंत येरझाऱ्या घालत होता. थोड्या वेळाने तिने पुन्हा तोंड उघडलं. "आई, तुम्हाला एक बात सांगायची होती."

"सुई ओवून दे आधी. मला दिसत नाही."

ती सुई ओवू लागली, पण दोरा पुन्हा पुन्हा चुकत होता. मी तिला बोलू दिलं नाही. ती बोलली असती तर सुपाऱ्या दोनच का, हे मला विचारावं लागलं असतं. पट्टी मात्र मी दुहेरी टाक्याने शिवली.

शनिवारी सकाळी दौलतसिंहाचा टांगा सांगितला होता. मी म्हटलं, मीही येते पोचवायला, विमान कसं असतं ते बघते. बळवंतचा चेहरा पडला, पण नाही कसं म्हणणार? नव्या बुशकोटात तो दिसत होता मात्र झकास. जयेंद्रगंज आलं तसा तो म्हणाला, "आई, सुधामावशींना नमस्कार करून येतो. तू बस, दोन मिनिटांचं काम आहे."

"या जाऊन," मी म्हटलं, आणि मान वळवून समोरच्या दुकानाची पाटी वाचत बसले.

"माँजी, आप नहीं उतरीं?" दौलतसिंह म्हणाला.

"मैं कल ही मिल आई, भैया."

दोघं परत आले तेव्हा शरयूच्या चिमुकल्या पेटीचं झाकण नीट लागत नव्हतं. ती पेटी मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी झाकण दाबून बसली. मुरार मागे पडलं तरी तिने झाकणावरचे हात काढले नाहीत.

महाराजपूरच्या हवाई अड्ड्यावर साहेबलोकांच्या बायका होत्या, कुणाकुणाचे केस कापलेले होते. पण आमची शरयू कुणाला हार गेली नाही. मला राग होता तरी तिच्याकडे बघून बरं वाटलं. इतक्यात विमान उतरलं आणि गरगर पंखे फिरवत कठड्यासमोर येऊन वळलं. असा वारा सुटला की बायकांनी भराभर डोक्याला रुमाल बांधले. शरयूने काल रात्रभर पिना लावून बसवलेले केस सुटले. ती एका हाताने ते धरत होती आणि दुसऱ्या हाताने पेटीचं झाकण.

"रुमाल बांध ना," मी म्हटलं.

"घरी विसरला आई."

"पेटीत आहे. काढ आणि सोड. तांदूळ बळवंतच्या खिशात घाल, सुपाऱ्या तुझ्या पदराला बांधू."

शरयूच्या हातून पेटी सुटली असती, मी धरली. गाठोडं मीच सोडलं. बांगडी तिच्या हातात चढवली, दोन्ही सुपाऱ्या तिच्या पदराला घट्ट बांधल्या. मग तांदूळ बळवंतच्या हातरुमालात घालून त्याच्या खिशात सरकवले आणि रेशमी रुमाल तिच्या डोक्याला बांधला, हनुवटीखाली गाठ मारून, चित्रातल्यासारखा.

"आई, मी..." बळवंत म्हणाला.

"तू तिकडे पोचून चिट्ठी लिही. लिहिणारच होतास ना?"

तो वाकला आणि माझ्या पायांशी तसाच राहिला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. काय करणार, पोटचा पोर होता.

"आई, अलग क्वार्टर मिळालं की मी स्वतः तुम्हाला घ्यायला येईन. सच्ची," शरयू म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मिळू दे आधी. गॉगल लाव आता. चित्रातली बाई रडत नव्हती."

त्यांची नावं पुकारली. दोघं निघाले. वाऱ्याने पुढच्या बायकांच्या साड्या पोटऱ्यांपर्यंत उडत होत्या, त्या दोन्ही हातांनी त्या आवरत शिडी चढत होत्या. शरयूला मात्र हात लावावा लागला नाही. तिच्या साडीचा काठ घोट्याच्या वर गेला नाही. शिडीवर पोचल्यावर ती वळली आणि तिने हात वर केला. मीही केला. मग दार बंद झालं.

परत येताना मी टांग्यात मागे एकटीच होते. मुरारचा पूल ओलांडल्यावर दौलतसिंहाने विचारलं, "माँजी, बेटा-बहू कब लौटेंगे?"

माझी बोटं पदराच्या गाठीवर होती.

"इतवार की शाम को," मी म्हटलं.

"तो लेने आ जाऊँ?"

नाही म्हणणार होते. पण मग उद्या संध्याकाळी घरात बसून काय करायचं, तेही सुचेना. सोऱ्या सुधाकडेच राहिला होता आणि ती तिसरी सुपारीही मला घरात ठेववत नव्हती, ती सुधाच्या देवांपाशी राहिलेली बरी.

"आ जाना," मी म्हटलं. "जयेंद्रगंज तक चलेंगे."