खडूचा गोल

नूरमहंमद मोतीबिंदू काढून चार दिवसांनी तळेगावहून परतला तेव्हा गॅरेजच्या दारात जीप जोडून तयार होती. ती इतक्यात तयार व्हायला नको होती.

जीप दिगंबरशेठची. लोणावळ्यात बंगले बांधणाऱ्यांना जुनी गाडी हवी असते, फक्त ती जुनी दिसलेली चालत नाही. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी घाट उतरून परत चढणार होती, आणि शेठला फोटोत पुढं राहायचं होतं.

"फ्लायव्हील कुटलं टाकलं?" नूरमहंमदनं इर्शादला विचारलं.

"हिचंच, अब्बा. लय भारी साफ होऊन आलं."

म्हातारा जीपखाली वाकला.

त्याची साफ करायची रीत जुनी होती. आधी डिझेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशानं मळ काढायचा. मग लोखंड रात्रभर रॉकेलात ठेवायचं. रॉकेल मिळेनासं झालं तरी त्यासाठी त्यानं एक डबा जिवापाड जपला होता. सकाळी कोरडं पुसून वर खडूची पूड मारायची. कुठं तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर पाझरतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उठते. या फ्लायव्हीलवर, इंजिनामागच्या त्या जड चाकावर, मधल्या भोकापासून दोन बोटं रेघ उठली होती. त्यानं तिच्याभोवती खडूनं गोल काढला आणि निर्धास्त दवाखान्यात गेला. तीस वर्षं त्याच्या गॅरेजात खडूचा गोल म्हणजे भंगार. तोंडानं सांगायची गरज कधी पडली नव्हती.

इर्शाद त्याला दवाखान्यात सोडायला गेला त्याच दिवशी शेठनं टेम्पो लावून सगळं लोखंड आंबीच्या कारखान्यात नेलं. म्हाताऱ्याच्या घासण्याला महिना लागेल, तिथं वाळूच्या फवाऱ्यानं दुपारपर्यंत काम होतं, असं त्याचं म्हणणं. सामान कोरं होऊन आलं. खडूचा गोलही गेला.

सामान परत आल्यावर इर्शादनं खडू मारून पाहिला होता, तसं त्यानं शपथेवर सांगितलं. रेघ उठली नाही. नूरमहंमदनं त्याला समजावलं, की वाळू लोखंडाला ठोकून ठोकून तड्याचं तोंड मिटवते. वरून मिटतं, आत तडा तसाच राहतो. आणि हे चाक असतं चालवणाऱ्याच्या पायापाशी, मिनिटाला तीन हजार फेरे घेत. फुटलं तर पत्रा फाडून मांडीत शिरतं.

तेवढ्यात शेठ आला. ऐकून हसला. "नूरभाई, डोळा आत्ता उघडलाय तुमचा. तडा तेव्हा दिसला होता की जाळं?"

इर्शाद खाली बघून हसला. म्हाताऱ्यानं ते पाहिलं. मग तो शांतपणे म्हणाला, "बरं. ट्रायल घ्या. आमच्याकडची रीत तुमाला ठाव हाये. इंजिन बांधणारा चालवतो, मालक शेजारी बसतो. बसा."

शेठनं जीपकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. त्याला एकदम फोन आठवला, कंबर आठवली. इर्शादनं एकट्यानंच चक्कर मारून यावी, तो इथंच थांबेल.

इर्शाद त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं किल्ली खिशात टाकली, पाना उचलला आणि जीपखाली शिरला.

गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हील बाहेर यायला दुपार झाली. नूरमहंमदनं भोकाजवळची, वाळूनं मिटलेली वरची कातडी कानशीनं घासली, डब्यातलं उरलंसुरलं रॉकेल ओतलं आणि तिघं वाट बघत बसले. पुसलं. खडूची पूड पडली. बराच वेळ काहीच झालं नाही. शेठनं खाकरून घसा साफ केला.

मग रेघ उठली. भोकापासून निघाली, कडेकडं सरकत गेली.

नूरमहंमदनं त्यावर बोटं ठेवली. दोन. मग तिसरं. मग चौथं.

"ही दोन बोटं होती," तो म्हणाला. "गाडी कुनी चालवली?"

इर्शादचा चेहरा खडूसारखा झाला. "काल. कौसरला घेऊन कुरवंड्यापर्यंत गेलतो."

कौसर त्याची बायको. लग्नाला सात महिने झाले होते. ती आतल्या खोलीत भांडी घासत होती, आवाज येत होता.

शेठ सर्वांत आधी सावरला. वेल्डिंग होत नाही का, त्यानं विचारलं. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "असं करा, पुन्हा रंग मारून बसवा. मला गिऱ्हाईक आहे. गाडी विकून टाकतो. पुढचा बघेल काय ते."

नूरमहंमदनं फ्लायव्हील एका कडेनं लोखंडी ठोकळ्यावर टेकवलं आणि मोठा घण घेतला. शेठ ओरडला, की वस्तू त्याची आहे. पहिल्या घावाला बद्द आवाज आला, मडक्यासारखा. तिसऱ्याला चाक फुटलं.

तुटलेली बाजू त्यानं उजेडाकडं केली. भोकाजवळची दोन बोटं काळी होती, वर्षानुवर्षांच्या गंजानं आणि तेलानं. त्यांना लागून पुढची दोन बोटं लख्ख, ताजी, आणि त्यापुढं आत्ता घणानं फुटलेली खरबरीत कड.

"एवढं कालचं," तो इर्शादला म्हणाला.

इर्शादनं त्या लख्ख पट्टीवर बोट ठेवलं आणि तिथंच ठेवलं. आत भांड्यांचा आवाज थांबला. चहा किती जणांचा टाकू, कौसरनं विचारलं.

"दोघांचा," नूरमहंमद म्हणाला.