स्वतःच्या वापरातलं घर

वाजिदभाई घड्याळं दुरुस्त करायचे, आणि लातूरच्या त्यांच्या गल्लीत आता घड्याळं कुणाला लागत नव्हती. लागत होत्या खोल्या. भूकंपानंतर धास्तीनं त्यांनी घरावर पत्रेच ठेवले. शेजाऱ्यांनी मात्र क्लासच्या पोरांसाठी चार-चार मजले चढवले. गल्लीचा भाव वाढला आणि घरपट्टी फुगली ती पत्र्याच्या घराचीही. करायचं एकानं, भरायचं दुसऱ्यानं!

यंदा पालिकेनं मर्यादा घातली. मालक स्वतःच राहत असेल तर घरपट्टी फार वाढणार नाही. भाडेकरू दिसला की मर्यादा गेली. वाजिदभाईंनी अर्ज लिहिला आणि गुणाबाईंना ऐटीत वाचून दाखवला : "घराची किंमत वाढली, माझी कमाई वाढली नाही. मी राहायचं कसं?"

गुणाबाई हदगावच्या. मुलगी आरती डॉक्टरकीच्या क्लासला, तिला रांधून घालायला आई मागच्या खोलीत भाड्यानं.

"पालिकेचा क्लार्क आला तर बहीण हाय म्हणा," वाजिदभाई काकुळतीनं म्हणाले. "न्हाईतर घर विकून मुदखेडला भावाच्या दारात जावं लागंल."

दुसऱ्याच दिवशी क्लार्क आला. गुणाबाईंच्या कपाळावरचं कुंकू बघत त्यानं विचारलं, "या कोण?"

"बहीण हाय मी त्यांची," गुणाबाई ठसक्यात म्हणाल्या.

"मानलेली असंल," म्हणत तो हसला, 'स्वतःचा वापर' लिहून शेजारच्या फाटकात शिरला. वाजिदभाईंचा जीव भांड्यात पडला.

गुणाबाई भाजी निवडायला बसल्या. "भाई, घरपट्टी वाढणार म्हणून जूनपासून तुम्ही भाड्यात पाचशे वाढवले. आता ती वाढत न्हाई. मग? तुमचा अर्ज ऐकला मी. नाव बदललं तर माझाच हाय की तो."

वाजिदभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लार्कला खरं सांगावं म्हणून ते फाटकापर्यंत गेले. तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता. पण ते तसेच मागे फिरले. घर जाण्याची भीती लाजेपेक्षा मोठी निघाली. परत येऊन ते खालमानेनं म्हणाले, "जूनपासूनचे वाढीव पैसे परत देतो. पण खरं बोलायची हिंमत न्हाई झाली, बाई."

"चालंल. माझं भागलं," गुणाबाई म्हणाल्या. "आरती जाईल पुढच्या साली. मग दुसऱ्या कुणाची तरी आई येईल या खोलीत. तिला हा अर्ज कोण वाचून दाखवंल?"