हुंकार

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसून गोष्ट ऐकू येते, पण पोचत नाही. आज एका जुन्या गाडीची गोष्ट सांगणार आहे आणि ती चालवणाऱ्या माणसाची. मधूनमधून हुंकार तेवढा द्या. सांगणाऱ्याला दुसरा आधार नसतो.

तर गाडी डोंगराचा चढ चढत होती, आणि आत काकू ओरडत होत्या.

"अहो, थांबा! थांबवा गाडी! ऐकताय ना?"

"हं," काका म्हणाले, आणि त्यांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला.

गाडीला त्या चढावर क्षणभर तशीच राहू द्या. आधी काका कोण ते सांगतो.

सगळे त्यांना मशीनकाका म्हणत. शिलाई मशीन दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. दुकान इतके अरुंद, की आत ते आणि एक मशीन, गिऱ्हाईक बाहेर फुटपाथवर. पण कान! रस्त्याने जाताना वरच्या मजल्यावर चाललेल्या मशीनचा आवाज ऐकून ते खालूनच हाक मारत, "वहिनी, शटल घासतंय! थेंबभर तेल घाला!" वरून वहिनी हात हलवत. लोक मशीन घेऊन आले, की काका ते उघडायच्या आधी डोळे मिटून एकदा चालवून बघत. तेवढ्यात सगळे कळायचे.

ज्याने हे कान दिले, त्यानेच पुढे ते परत घ्यायला सुरुवात केली. झोपलेल्या लेकराच्या मुठीतून आई खेळणे काढून घेते ना, लेकरू जागे होऊ नये म्हणून एकेक बोट सोडवत, तसे. आधी पाखरे गेली. मग दारावरची घंटा गेली. मग काकूंचा आवाज. काका मशीनवर हात ठेवून थरथरीवरून काम भागवू लागले. पण एक दिवस एक शिंपी दुरुस्त केलेले मशीन परत घेऊन आला आणि म्हणाला, "काका, अजून कटकट करतंय हो." काकांनी मान हलवली, मशीन पुन्हा नीट करून दिले, आणि त्याच आठवड्यात दुकान बंद केले.

"गुडघे दुखतात," त्यांनी सगळ्यांना सांगितले. ज्यांचे गुडघे खरोखर दुखत होते त्या काकूंनीही विश्वास ठेवला.

कान गेल्याचे जगात फक्त काकांना माहीत होते आणि ते तसेच राहावे एवढेच त्यांचे देवाकडे मागणे होते. माणसाजवळ एकच गोष्ट असते जिच्यामुळे तो चारचौघांत कुणीतरी असतो. ती गेली हे तो कोणत्या तोंडाने सांगणार? घरी ते काकूंचे बोलणे डोळ्यांनी ऐकत, ओठांवरून. आणि इतक्या वर्षांच्या संसारात निम्मे बोलणे तर पाठच झालेले असते.

मग त्यांनी गाडी घ्यायचे काढले. काकूंना बसच्या पायऱ्या चढवेनात आणि त्यांची थोरली ताई राहायची डोंगरापलीकडे. ताईला दम्याने अंथरुणाला खिळवलेले. दर आठवड्याला भेटता येईल, म्हणून काकू लगेच कबूल झाल्या.

जुन्या गाड्या विकणाऱ्याने एक निळी गाडी दाखवली. इंजिन सुरू केले आणि म्हणाला, "तुम्हाला मी काय सांगायचं, काका! तुम्हीच ऐका. मांजर घुरघुरावं तसं चालतंय."

तिथे चार माणसे उभी होती. सगळी काकांकडे बघत होती. काका पुढे झाले, बॉनेटला कान लावला, डोळे मिटले. आत त्यांच्यासाठी नुसती शांतता होती.

"छान आहे," ते म्हणाले.

झाले, गाडी घरी आली. तिच्यात तेलाचा एक लाल दिवा होता, तेल कमी झाले की लागणारा. तो कधीच लागला नाही, म्हणून दोघेही निर्धास्त होते. दिवाच गेलेला आहे हे कुणाला ठाऊक!

दर आठवड्याला दोघे काचा लावून निघत. काकू बोलत आणि काका रस्त्याकडे बघत "हं" म्हणत. एकदा काकूंना पुढून बारीक आवाज आला. टक, टक, टक.

"अहो, हा आवाज कसला हो?"

"हं."

काकू गप्प झाल्या. वरच्या मजल्यावरचे शटल ज्याला खालून कळते, त्याला पायाशी असलेले इंजिन कळणार नाही? ऐकलेय त्यांनी, करतील काहीतरी. पुढच्या आठवड्यात आवाज वाढला. काकूंनी पुन्हा विचारले, पुन्हा "हं" आले आणि त्या पुन्हा निर्धास्त झाल्या. इतका विश्वास! मी तर म्हणतो, देवावरसुद्धा आपण इतका टाकत नाही.

आता चला त्या चढावर.

त्या दिवशी ठोके असे पडू लागले, की जणू आत कुणी हातोडा घेऊन बसले आहे. काकू घाबरल्या. "थांबा" म्हणाल्या, मग ओरडल्या, आणि काका शांतपणे "हं" म्हणत आणखी वेग देत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू होते. काकूंनी त्यांचा दंड धरला, आणि त्याच वेळी पुढे धाडकन काहीतरी फुटले. गाडी हिसका देऊन थांबली आणि पांढरा धूर निघू लागला. काकांना तो दणका तळपायांतून कळला. त्यांनी हँडब्रेक ओढला. काकूंनी खाली उतरून चाकामागे दगड लावला. रस्त्यावर काळ्या तेलाचा ओघळ उताराला लागला होता.

काका बॉनेट उघडून आत बघत होते. काकू त्यांच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येत नाही का?"

काका रुमालाने हात पुसत होते.

"अहो!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

काका वाकून आत बघत राहिले. काकू कठड्यावर बसल्या. इतक्या दिवसांचे सगळे "हं" त्यांच्यापुढे एकेक करून येऊन उभे राहिले.

ओढून नेणारी गाडी बोलावली आणि दोघे गॅरेजात पोचले. गॅरेजवाला गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि म्हणाला, "इंजिन गेलं. आतला रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आलाय. हात जाईल एवढं भोक आहे." मग त्याने काकांकडे नीट बघितले. "अरे, मशीनकाका ना तुम्ही? माझी आई कपडे शिवायची. तुमच्याशिवाय कुणाला मशीनला हात लावू द्यायची नाही ती. पण काका, तुमच्या हातून हे कसं झालं? हे काय एका दिवसात होतं? तेल कमी पडून बेअरिंग कितीतरी दिवस ठोकत असणार. बहिऱ्यालासुद्धा कळेल!"

बाकावर दोनतीन गिऱ्हाइके बसलेली. त्यांनी माना वर केल्या. काकांचे डोळे गॅरेजवाल्याच्या ओठांवर होते आणि शेवटचे वाक्य त्यांनी बरोबर वाचले. त्यांचा चेहरा असा झाला, की देवा, कुणाचा होऊ नये.

"त्यांना कसं कळणार, बाबा?" काकू पुढे येऊन म्हणाल्या. "मी कळू देते का? गाडीत बसल्यापासून माझं तोंड सुरू. ताईची सून, ताईचा दमा, शेजारणीचं भांडण. ठोकायला इंजिनाला जागा कुठे ठेवली मी?"

बाक हसला. गॅरेजवालाही हसला. "म्हणजे काकू, इंजिनाचा खून तुमच्या नावावर?"

"घाल माझ्याच नावावर."

आणि ऐका, घरी काकांनी कधी चुकून "किती बोलतेस" म्हटले असते, तर याच काकूंनी दोन दिवस अबोला धरला असता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात काकूंनी आपले स्टूल उचलले आणि काकांच्या समोर, दिव्याच्या उजेडात मांडले. रोज त्या ओट्याकडे तोंड करून बोलत. आज चेहरा दिसेल असे बसल्या. काकांना कळायचे ते कळले.

"खोटं का बोललीस तिथे?"

"खोटं कुठे? बडबडते की मी." मग त्यांचा आवाज चढला. "पण मला का नाही सांगितलंत? परकी आहे का मी? आणि ऐकू येत नव्हतं तर गाडी घेतलीतच कशाला? जीव गेला असता दोघांचा!"



"ऐकू येत नव्हतं म्हणूनच घेतली," काका म्हणाले. "घरात तू या खोलीतून त्या खोलीत जातेस, पाठ करून बोलतेस. दिसेनाशी झालीस की संपलं. वाटलं, गाडीत काचा लावल्या की एवढीशी जागा. तुझा आवाज जाईल कुठे? माझ्याच कानात येईल."

काकूंनी पदर तोंडाशी नेला आणि लगेच खाली घेतला. ओठ झाकून चालणार नव्हते.

"आला?"

"आधी नाही. मग यायला लागला. शब्द नाही कळायचे. पण आपलं लयीत, ठेका धरल्यासारखं काहीतरी. टक, टक, टक. मला वाटलं, तूच बोलतेयस. म्हणून हं म्हणायचो."

काकूंनी स्टूल आणखी पुढे ओढले.

"चढावर तुझा आवाज वाढायचा," काका म्हणाले. "म्हटलं, ताईचं घर जवळ आलं, खूश आहे. म्हणून मी आणखी जरा जोरात..."

 काकूंना आधी हसू फुटले, मग दुसरे काहीतरी फुटले, आणि ओट्यावरचे दूध उतू गेले ते दोघांपैकी कुणालाच कळले नाही.

पुढे काकांच्या कानात यंत्र बसले, पण त्यात भांड्यांचा खणखणाट आणि रस्त्याचा गोंगाट एवढेच मोठे होऊन आले. काकू काही आल्या नाहीत. गॅरेजवाल्याने मागून ठोकर बसलेल्या दुसऱ्या एका गाडीचे चांगले इंजिन काढून निळ्या गाडीत बसवले आणि तेलाचा दिवाही बदलला. सुरू करून म्हणाला, "ऐका, काका."

काका वाकले नाहीत. त्यांनी काकूंकडे बघितले. काकूंनी पुढे होऊन बॉनेटला कान लावला, डोळे मिटले, आणि मान डोलावली.

"छान आहे."

दोघे पुन्हा ताईकडे निघाले, आणि चढ लागला तसे काका म्हणाले, "काहीच ऐकू येत नाही गं."

काकूंनी त्यांना दिसेल असा अंगठा वर केला. इंजिन उत्तम होते. थोडे पुढे गेल्यावर कठड्याजवळ मोकळी जागा होती. काकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि सीटवर वळून काकूंसमोर तोंड करून बसले.

"हं. बोल."

काकू बोलू लागल्या. तेवढ्यात एक स्कूटरवाला थांबला, काचेवर टकटक केली. "काय हो, गाडी बंद पडली का? धक्का मारू?"

काकूंनी काच खाली केली. "नाही रे बाबा. बोलतोय आम्ही."

झाली गोष्ट. उठायच्या आधी एवढे ऐका. कधी रस्त्याच्या कडेला एखादी जुनी गाडी उभी दिसली, आत एक बाई सांगते आहे आणि म्हातारा तिच्या ओठांवरची नजर हलवत नाही, तर धक्का मारायला धावू नका. आणि घरी कुणी तुमच्याशी बोलत असताना "हं" म्हणाल, तेव्हा एकदा त्याच्या तोंडाकडे बघा आणि आमच्या मशीनकाकांची आठवण काढा.