चिप्समधली तांब्याची पानं

तांबं कळकलं की लोक ते लिंबाने घासून लख्ख करतात. आमची शेजारीण लोर्ना मुद्दाम कळकवायची. मीठ-व्हिनेगरवाल्या बटाट्याच्या चिप्स चुरायच्या, त्यात तांब्याची पानं पुरायची आणि पिशवी उबेला ठेवायची. पानांवर असा हिरवा-निळा रंग चढायचा की आमच्या मूंटा गावच्या बाजारात बायका माझ्या जॅमच्या बाटल्यांकडे ढुंकूनही न बघता शेजारी लोर्नाच्या टेबलाशी गर्दी करायच्या. मला राग यायचा. कानात मात्र मी तिच्याच पानांचे डूल घालायचे.

पानं कातरायचा तिचा नवरा, क्लाइव्ह. जन्मभर प्लंबिंग केलेला माणूस. जुने तांब्याचे पाइप उभे चिरून, ठोकून सपाट करायचा आणि त्यातून निलगिरीची पानं काढायचा. अलीकडे समोर बसलेली बाई आपली बायको आहे हेसुद्धा त्याला कळत नसे, पण हातात हातोडी दिली की पान बरोबर उतरायचं.

"तो माझ्याकडेच राहणार," लोर्ना मला बजावायची. "शब्द दिलाय मी त्याला, ग्लेनिस. परक्यांच्या हातात द्यायची नाही मी."

"अगं, पण तुझी काय दशा झालीय बघ जरा आरशात!"

"तू तुझा जॅम ढवळ."

तिची मुलगी अ‍ॅडलेडहून फोनवर हेच सांगायची, बाबांना वृद्धाश्रमात ठेव म्हणून. तिला तर लोर्ना उत्तरही द्यायची नाही, फोन ठेवून द्यायची.

रंगाचं काम मागच्या शेडमध्येच, हा तिचा कडक नियम होता. त्यातलं काही म्हणजे काही स्वयंपाकघरात यायचं नाही. पण त्या जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, थंडीने कहर केला. शेडमध्ये रंग धरेना आणि बाजार तोंडावर आलेला. क्लाइव्हने रात्रभर जागवलेलं, अंगात त्राण नव्हतं. तिने चिप्स चुरल्याच नाहीत. दुकानातून आणलेल्या पाकिटातच पानं खोचली, वर व्हिनेगर शिंपडलं, पाकिटाचं तोंड मुडपलं आणि स्वयंपाकघरातल्या हीटरजवळच्या फळीवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती कपडे वाळत घालायला अंगणात गेली. कुंपणाशी मी भेटले, दोन शब्द झाले. परत गेली तेव्हा तिची किंकाळी मला माझ्या घरात ऐकू आली.

मी धावले. क्लाइव्ह टेबलाशी ऐटीत बसला होता. समोर बशी, बशीत निळसर, मऊ पडलेल्या चिप्स. माशाचे काटे काढून ठेवावेत तशी तांब्याची पानं त्याने बशीच्या कडेला लावून ठेवली होती. ओठ हिरवे झाले होते.

"या, बसा," तो मला म्हणाला. "जरा सादळल्यात, पण चालतील."

मग त्याला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यापर्यंत गाडी मीच चालवली. मागे लोर्ना त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकच म्हणत होती, "थुंक रे राजा, थुंक."

वाचला तो. पण तरुण डॉक्टरीणबाईंनी लोर्नाला शेजारी बसवून हळूच विचारलं, "घरी तुम्ही दोघंच ना? आज हे झालं. उद्या काय होईल?" मुलीचा फोन ठेवून देणारी, मला गप्प करणारी लोर्ना त्या दिवशी स्वतःहून मुलीला फोन लावायला उठली. संध्याकाळी मुलगी आली. आईला मिठी मारून रडली.

"ओरडली असती तर बरं झालं असतं गं," लोर्ना मला म्हणाली.

जवळच्या कॅडिना गावातल्या वृद्धाश्रमात क्लाइव्हला खोली मिळाली. त्याला पोहोचवायला लोर्ना आणि मी गेलो. खोली उजेडाची होती, खिडकीतून गुलाब दिसत होते. लोर्नाने त्याचे स्वेटर कपाटात लावले, चपला पलंगाखाली सरकवल्या, मग पुन्हा काढून पुन्हा सरकवल्या.

दुपारचा चहा झाला आणि क्लाइव्ह उठला. टोपी डोक्यावर ठेवली.

"बरंय बाई, येतो मी," तो लोर्नाला म्हणाला. "तुमचा पाहुणचार झकास. पण बायको घरी एकटी आहे. तिला एकटीला झोप येत नाही."

लोर्ना पाठमोरी होती. कपाटाचं दार तिने लावलं. मग वळली. मी तिला ओळखते तेव्हापासून एवढा शांत आवाज तिचा कधी ऐकला नव्हता.

"तिचा निरोप आलाय," ती म्हणाली. "तुम्ही आज इथेच राहा, असं म्हणाली ती."

"लोर्ना म्हणाली?"

कित्येक महिन्यांनी ते नाव त्याच्या तोंडून आलं होतं.

"हो. लोर्नाच म्हणाली."

त्याने टोपी काढली आणि पलंगावर बसला. "मग राहतो," तो म्हणाला. "ती म्हणाली असेल तर राहतो."