एमएच नंबरची गाडी

सीमेवर भांडण पेटलं की आम्हा ड्रायव्हर लोकांचा एकच नेम. निपाणीच्या अलीकडं कर्नाटकाच्या नंबरची गाडी, पलीकडं महाराष्ट्राची. मधी बदलायची. त्या दिवशी मी गाढवागत बेळगावातनंच एमएच नंबरची काढली. कर्नाटकवालीचा एसी बंद होता, अन् आमच्या कंपनीच्या अक्षरा मॅडमना चारच्या बैठकीला पुणं गाठायचं होतं. बेळगुंदीची पोरगी, दोनशे इंजिनिअर हाताखाली. त्या बैठकीत ती अख्ख्या कंपनीची मुख्य होणार होती.

निपाणीजवळ दहाबारा जणांनी रस्ता अडवला. नंबर बघितला अन् काच फोडली. मला केसाला धरून बाहेर ओढलं, हात पिरगाळून मोडला. मी कन्नडात ओरडत होतो, मी गुंजी गावचा भावकू ड्रायव्हर, इथलाच हाय. कोण ऐकतंय! सळी डोळ्यावर बसली. मॅडमना म्हणाले, बाईमाणसाला हात लावत न्हाय, तुम्ही गाडी घेऊन जावा.

ती गेली न्हाय. डिकीतली चाक खोलायची टॉमी काढली अन् सळीवाल्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्यालं मला ऐकू आलं. मग दुसऱ्याच्या गुडघ्यावर. तिच्या डोक्यात दगड बसला, तरी हाणतच होती. पोलीस आले तवा ते पळाले.

निपाणीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, डावा डोळा गेला. मी स्वतःलाच शिव्या घालत पडलो होतो. चुकीची गाडी मीच काढली की. ती माझ्या खाटंजवळ, डोक्याला टाके, फोनवरनंच बैठकीला बसली. साहेब लोक तिच्या धाडसाचं लई कौतुक करत होते. पद तुम्हालाच, म्हणाले.

"थांबा," ती म्हणाली. "नंबर मी बेळगावातच बघितला होता. गाडी बदलायला लावली असती तर उशीर झाला असता. हे पद पाहिजे होतं म्हणून गप्प बसले. ह्याचा डोळा माझ्यामुळं गेलाय. आता ठरवा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हात धड असता तर तिच्या थोबाडीत दिली असती, खरं सांगतो.

पद दुसऱ्याला गेलं. बेळगावचं ऑफिस तेवढं तिच्याकडं ऱ्हायलं. मला आता गाडी चालवता येत न्हाय. कुठली गाडी कवा निघंल ते मी ठरवतो, अन् मी न्हाय म्हणलो की ती बी प्रवास सोडून घरी बसते.

त्या दिवसापासनं मी तिला मॅडम म्हणत न्हाय. सगळ्या ऑफिससमोर अक्षरा म्हणून हाक मारतो. ती ओ देते.