पाच चौकटींची हिरवी मतपत्रिका

"रोवेनानं म्हणे आपली दोन नंबरची मतं त्या हॅलरनला…"

एवढंच ऐकू आलं. तेवढ्यात कुणीतरी परातभर कांदा तव्यावर ओतला आणि चर्रर्र आवाजात पुढचं सगळं बुडालं. दिली, विकली की वाहिली, काही कळलं नाही.

मी मतपत्रिका बोलतेय. वॅरलिंगा गावच्या शाळेच्या हॉलमध्ये, खिडकीशेजारच्या टेबलावर, माझ्या बहिणींच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर पडले होते. खिडकीखालीच सॉसेजचा तवा. मतदानाचा शनिवार म्हणजे आमच्याकडे हातात पावात गुंडाळलेलं सॉसेज आणि तोंडात दुसऱ्याच्या घरची गोष्ट. ऐकायची मला भारी हौस. अर्धवट ऐकलं की मात्र जीव कासावीस होतो.

माझा जन्म शहरातल्या छापखान्यातला. पहाऱ्यात छापलं, पहाऱ्यात मोजलं, पहाऱ्यात गाडीत चढवलं. एवढा बंदोबस्त सोन्यानाण्यालाही नसेल. बरोबर माझी थोरली बहीण होती, पांढरी, वरच्या सभागृहाची. ती अंथरली तर टेबल झाकेल एवढी लांब. तिची घडी घालताना भल्याभल्यांना घाम फुटतो. मी आपली हिरवी, आटोपशीर. पाच नावं, पाच चौकटी.

माझ्यावर शिक्का मारत नाहीत. आवडीच्या क्रमानं एक ते पाच आकडे लिहायचे. सगळ्यात आवडता एक नंबर, नावडता पाच. ज्याला एक नंबर दिला तो मोजणीत मागं पडून गळला, की माझं मत दोन नंबरवाल्याकडे जातं. एकच आकडा दोनदा पडला की मी बाद. काही महाभाग काही न वाचता वरून खाली एक, दोन, तीन, चार, पाच असे लिहून मोकळे होतात. त्याला इथं गाढवमत म्हणतात. यंदा चिठ्ठीत सगळ्यात वरचं नाव शिकाऱ्यांच्या पक्षाच्या डगचं निघालं होतं, आणि तो सकाळपासून उघड सांगत होता, "गाढवांनो, लाजू नका, या!"

बाकीचे चौघे सांगते. हॅलरन, नऊ वर्षांपासूनचा खासदार. त्याच्यासमोर दुसऱ्या मोठ्या पक्षाची प्रूएटबाई. कोणत्याच पक्षाची नसलेली टेसा कोवालिक, गुरांची डॉक्टर. आणि लहान गावं पक्षाची रोवेना, ती वर अफवेत आली ती.

आता ग्लेनिस. त्रेसष्ट वर्षांची. काल कुणाच्या घरी काय शिजलं हे तिला त्या घरातल्या माणसांआधी कळतं. रोवेना तिची सव्वीस वर्षांपासूनची शेजारीण. दोघींच्या मध्ये लाकडी कुंपण आहे, पण बोलायला सोयीचं म्हणून त्यातली एक फळी त्यांनी कधीच काढून टाकली.

ग्लेनिसचे वडील आल्फ नदीकाठच्या वृद्धाश्रमात असतात. वय एक्याण्णव. आश्रम चालवणाऱ्यांनी पत्र धाडलं होतं की सरकारी मदत आली नाही तर हिवाळ्याआधी टाळं लावू. म्हणजे अठरा म्हाताऱ्यांनी उठायचं आणि दीडशे किलोमीटरवरच्या अनोळखी खोल्यांत जाऊन पडायचं. आल्फ म्हणाले होते, "मला तिकडे न्याल ते एकदाच न्याल." ग्लेनिसला ते वाक्य झोपू देत नव्हतं. हॅलरनला विचारलं तर तीन वर्षं एकच उत्तर, "फाईल पाहतोय." एवढ्या दिवसांत माणसाला फाईल पाठ होते!

रोवेनानं त्या आश्रमाच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं काढलेली. म्हणूनच ती उभी राहिली. ग्लेनिसनं कुंपणाच्या फटीतून विचारलं होतं, "अगं, निवडून येणार नाहीस हे तुलाही ठाऊक आहे. मग कशाला हा उपद्व्याप?"

"मी पडले की माझी मतं पुढं कुणाकडे तरी जाणारच ना," रोवेना म्हणाली. "ज्याला ती हवीत, त्याला आधी या आश्रमाचं नाव तोंडपाठ करावं लागेल."

ग्लेनिसला हे पटलं. मोजणीला तुझ्या बाजूनं मी बसते, असा शब्दही तिनं दिला. उमेदवाराला मोजणीच्या खोलीत पाऊल टाकता येत नाही. त्याचा माणूस आत बसतो.

आणि आता ही अफवा. शाळेचं फाटक माझ्या खिडकीपासून दहा पावलांवर, आणि तिथं रोवेना कुणाला कितवा नंबर द्यावा ते सांगणारी पक्षाची पत्रकं वाटत होती. ग्लेनिसचा आवाज मी लगेच ओळखला, कारण तो सगळ्यांनाच ऐकू येतो.

"रोवेना, हे पत्रक तूच छापलंस?"

"पक्षानं छापलं."

"दोन नंबरला हॅलरन? फाईलवाला हॅलरन?"

"ग्लेनिस, हळू बोल."

"का हळू? तव्यापाशी तर जोरात चाललंय. तू मतं विकलीस म्हणतात."

रोवेना म्हणाली, "पत्रक म्हणजे नुसती सूचना असते गं. आकडे तुझे तू टाक. पेन्सिल तुझ्या हातात आहे."

"ते मला शिकवू नकोस. बाबांना सूप भरवायला लागलीस तेव्हापासून मी तुला माणूस म्हणत होते."

ग्लेनिस तरातरा आत आली. टेबलावरच्या बाईंनी नाव विचारलं, यादीत रेघ मारली, माझ्या कोपऱ्यात सही केली आणि मला तिच्या हातात दिलं.

पुठ्ठ्याच्या आडोशात तिनं मला ठेवलं आणि शेजारी ते पत्रक. मी वाचलं. एक रोवेना, दोन हॅलरन. म्हणजे अफवेला बूड होतं तर!

पेन्सिल रोवेनाच्या चौकटीवर आली. तिथंच थांबली. पाच लिहिणार ही, मला वाटलं. मागं रांगेतलं कुणीतरी खाकरलं. ग्लेनिस पुटपुटली, "आधी सुपाचं बोलू." आणि तिनं त्या चौकटीत एक लिहिला, ठसठशीत, पाय असलेला. मग पत्रकाचा बोळा करून खिशात कोंबला आणि पुढचे आकडे स्वतःच्या मनानं टाकले. दोन टेसा, तीन प्रूएट, चार डग. शेवटचा पाच हॅलरनच्या चौकटीत इतका दाबून लिहिला की माझ्या पाठीवर त्याचा वळ उठला.

संध्याकाळी सहाला दारं लागली आणि आमच्या पेट्या टेबलांवर उलट्या केल्या. एक नंबरप्रमाणं पाच ढीग झाले. ग्लेनिस आली होती. चिडलेली असली तरी शब्द दिलेला, आणि आत काय चाललंय ते बघायचं सोडणारी ती नव्हे. पाहणाऱ्यांनी आम्हाला हात लावायचा नसतो, म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून ती मान लांब करत होती. रोवेनाचा ढीग सगळ्यात बुटका. एकाहत्तर पत्रिका, त्यांतली एक मी.

मग मोठ्या साहेबांनी पाकीट फोडलं. शेवटच्या शर्यतीत कोण दोघं राहतील याचा अंदाज वरून आधीच बांधून येतो, म्हणजे पहिल्याच रात्री कल कळतो. पाकिटात होते हॅलरन आणि प्रूएट. झालं! बाकी तिघांच्या पत्रिका या दोघांतच वाटायच्या. माझा दोन नंबर कुणी पाहिलाच नाही. तिसऱ्यावर असलेल्या प्रूएटबाईकडे मला टाकलं. मी मनात ओरडत होते, अहो, टेसाचं काय? कागदाचं कोण ऐकतं? टीव्हीवर हॅलरन जिंकल्यात जमा झाला. त्यानं बायकोला उचलून गिरकीसुद्धा घेतली म्हणे.

पण तो नुसता कल होता. खरी वाटणी पोस्टाची मतं येऊन पोचल्यावर. त्यासाठी तेरा दिवस थांबतात. तेराव्याच्या जेवणासारखे ते दिवस गेले. आमची खोकी तालुक्याच्या मोठ्या गावी, एका बंद पडलेल्या गालिच्यांच्या गोदामात नेऊन ठेवली. ग्लेनिस नव्वद मिनिटं गाडी हाकत आली. शेजारच्या पाहणाऱ्याला सांगत होती, "बाबांनी भिंतीवरचा आईचा फोटो उतरवून ठेवलाय. आवराआवर सुरू केली. मी म्हटलं, अजून मोजणी व्हायचीय. ते म्हणतात, टीव्हीनं केली की."

शेजारचा पाहणारा हॅलरनकडचा होता, ब्रेंडन नावाचा, चकचकीत बुटांचा. त्यानं विशेष मनावर घेतलं नाही.

शंभरातली अडतीस मतं हॅलरनची, चोवीस प्रूएटबाईची, एकवीस टेसाची, नऊ डगची, आठ रोवेनाची. निम्म्याच्या वर कुणीच नाही. मग सगळ्यात मागचा गळतो आणि त्याची मतं दुसऱ्या आवडीप्रमाणं पुढं जातात. सगळ्यात मागं होती रोवेना.

"ही तर आमचीच," ब्रेंडन म्हणाला. "हिच्या पत्रकावर दोन नंबर आम्हीच आहोत."

"पत्रक मोजत नाहीत, बाळा," इर्मा म्हणाली. ती मोजणारी, अंगठ्याला रबरी टोपी चढवून बसलेली. "पत्रिका मोजतात."

आमच्या गावचा गठ्ठा सुटला. इर्मा एकेक पान उलटून वाचू लागली. "कोवालिक. कोवालिक. हॅलरन. कोवालिक. प्रूएट. कोवालिक." माझी पाळी आली. "कोवालिक!" ग्लेनिसची नजर माझ्यावरून गेली, पण तिनं ओळख दाखवली नाही. मला राग आला नाही. रीतच तशी आहे. गावानं पत्रक घेतलं होतं, हसून घेतलं होतं, आणि आडोशात जाऊन ज्याचं त्यानं ठरवलं होतं.

मग माझ्या अंगावर एक पत्रिका येऊन पडली. तिच्यावरचा दोन मी जवळून पाहिला. पाण्यावर बसलेल्या बदकासारखा, मान वाकवलेला, शेपटी वर. तोही टेसाच्याच चौकटीत.

ग्लेनिस टेबलावर आणखी वाकली. तसलं बदक वॅरलिंगात एकच हात काढतो. तिच्या स्वतःच्या फडताळात जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या आहेत, कुंपणाच्या फटीतून सव्वीस वर्षं आलेल्या, आणि प्रत्येक बरणीच्या तारखेवर ते बदक बसलेलं आहे.

ब्रेंडन हसला. "काय दोन काढलाय! कुणाचा असेल हो हा?"

गावातल्या सगळ्या बातम्यांचं माहेर असलेली ही बाई. तिच्या जिभेवर नाव आलेलं मी पाहिलं, आणि तिनं ते गिळलेलंही पाहिलं.

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "आमच्या नदीवर बदकं थोडी आहेत का?"

रोवेनाच्या आठांतली सहा टेसाला मिळाली, हॅलरन आणि प्रूएटबाईला एकेक. टेसा सत्तावीस, प्रूएटबाई पंचवीस. तिसरी दुसरी झाली! पाकिटातला अंदाज चुकला होता. ब्रेंडन फोन घेऊन कोपऱ्यात गेला. मग डग गळला. त्याचे शिकारी हॅलरनकडे जितके गेले तितकेच टेसाकडे, बंदुकीपेक्षा त्यांना गाई महत्त्वाच्या असाव्यात. मग प्रूएटबाई गळल्या आणि त्यांचा मोठा ढीग फुटला, चारातले तीन हिस्से टेसाच्या टेबलाकडे. शेवटी शंभरात एकावन्न टेसा, एकोणपन्नास हॅलरन.

मी त्या एकावन्नात होते, तळाशी कुठंतरी. एक नंबर हरला तरी मी मेले नाही. उठले, चालले, आणि पोचले.

गोदामाचं मोठं दार उघडं होतं. बाहेर रोवेना गाडीला टेकून उभी. सकाळपासून तिथंच.

"किती?" तिनं विचारलं.

"तू पहिल्याच फेरीत उडालीस, बाई. टेसा आली."

रोवेना मटकन खाली बसली, चक्क डांबरावर. "आली? माझ्या मतांवर?"

"तुझ्या मतांवाचून तिसरीच राहिली असती."

मग रोवेनानं न विचारता सांगितलं. सौदा झाला होता, शहरातल्या पक्ष कार्यालयात. वरच्या सभागृहासाठी हॅलरनच्या पक्षानं लहान गावं पक्षाला पत्रकावर दोन नंबर द्यायचा, बदल्यात इथं यांनी त्याला. तिला आठवडा आधी कळलं. "मी नाही म्हणायला हवं होतं, ग्लेनिस. पत्रकं जाळायला हवी होती. नाही जमलं. दिवसभर वाटली."

"वाटलीस खरी," ग्लेनिस म्हणाली. "पत्रक विकलं गेलं. मतं नाही गेली."

"आणि माझं स्वतःचं… तुला नाही का विचारायचं, मी कुणाला…"

"नाही."

"तू? विचारणार नाहीस? बरं वाटत नाहीये का तुला?"

"माझ्या तोंडाला आज कुलूप आहे. ऊठ, डांबर थंड आहे." तिनं तिला हात देऊन उठवलं आणि आश्रमात फोन लावला. "बाबा, आईचा फोटो परत भिंतीला लावा. नाही, अजून काही मिळालेलं नाही. सोमवारपासून टेसाच्या मागं लागायचंय. पण तुम्ही आधी खिळा ठोका."

माझं काय? मी आता खोक्यात, सीलबंद, अंधारात आहे. पुढच्या निवडणुकीपर्यंत ठेवतील, मग लगदा करतील. भीती नाही वाटत. बदकाची पत्रिका अजून माझ्या अंगावर आहे, ऊब देते. तिचा हात कुणाचा, ते मी सांगणार नाही. चौकशी माझ्या स्वभावात आहे, चहाडी नाही.

तुमच्या हाती माझी एखादी बहीण आली, तर घाईनं आकडे ओढू नका. पहिला नंबर तर सगळेच मन लावून लिहितात. दुसराही तसाच लिहा.

तव्यापाशी अजून बोलतात म्हणे, रोवेनानं मतं विकली. निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं पांघरून मी झोपलेय.