अठ्ठेचाळीस वेढे

"मावशी, आता तुम्ही कोणती प्रक्रिया करताय?" परीक्षकाने विचारलं तेव्हा आनंदाबाईंच्या लाकडी साच्यावर तांब्याच्या तारेचा एकोणतिसावा वेढा बसत होता.

त्यांनी नुसता डावा तळवा वर केला.

पिंपळझरीत या तळव्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. बाई मोजतेय, गप्प राहा. विहिरीची जळकी मोटार घेऊन आलेला माणूस तळवा दिसला की पायरीवरच बसतो, मोबाइल वाजला तर मुठीत दाबून धरतो. एकदा घरी सोयरिकीची पाहुणेमंडळी आली होती. तीसुद्धा अर्धा तास अंगणात ताटकळली, पण कुणी चकार शब्द काढला नाही. वेढे कमी पडले तर मोटार तापते, जास्त झाले तर पाणी ओढत नाही. मोजणं चुकलं की सगळी तार उकलून पहिल्यापासून सुरुवात. म्हणून गप्प राहायचं. इतकं साधं होतं ते.

पण परीक्षक पिंपळझरीचा नव्हता. पंचविशीतला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. त्याला वाटलं, बाईंना उत्तर द्यायचं नाही. तीस सेकंद झाले, प्रश्न लाल झाला आणि मिटला. त्याने दुसरा विचारला. मग तिसरा. आनंदाबाई अठ्ठेचाळीसवर पोचल्या, टोकाला गाठ मारली, पदराने कपाळ टिपलं आणि म्हणाल्या, "हं, पूस आता बाबू, कोनता सवाल पुसतं ते."

"वेळ संपली मावशी. पाचही प्रश्न गेले."

ही परीक्षा कारंजाजवळ हायवेवरच्या एका मंगल कार्यालयात चालली होती. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा खांबांना तशाच लोंबत होत्या. वरवधूंच्या खुर्च्या होत्या तिथे आता मोठा फलक लावला होता : 'भविष्यातील मनुष्यबळ'. सकाळी एक साहेब येऊन भाषण करून गेले होते. सन दोन हजार सत्तेचाळीसपर्यंत देशाला इतके कोटी कुशल हात लागणार, त्याचा जिल्हावार आराखडा तयार आहे, असं त्यांनी पडद्यावर रंगीत खांब दाखवून सांगितलं. आनंदाबाई तेव्हा मागच्या रांगेत बसून आपल्या हातांकडे बघत होत्या. बासष्ट वर्षांचे ते हात. व्हार्निशने नखं कायमची पिवळी झालेली.

गावात विजेचे पहिले खांब उभे राहिले तो दिवस त्यांना लख्ख आठवतो. तेव्हा मोटार जळली की बैलगाडीत घालून आर्वीला न्यायची, आठ दिवस वाट बघायची. त्यांचे यजमान बबनराव तिथल्याच एका वाइंडिंगच्या दुकानात तीन वर्षं शिकले. पहिलं अख्खं वर्ष म्हाताऱ्या उस्तादाने त्यांना फक्त जळकी तार उपसायला बसवलं. का जळली ते आधी कळू दे, म्हणे. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी उस्तादाने आपला साचा त्यांच्या हातात ठेवला आणि स्वतः दुकानाबाहेर जाऊन चहा प्यायला. झाली परीक्षा. कागद नाही, फोटो नाही. बबनरावांनी तसंच बायकोला शिकवलं आणि ते वारल्यावर अकरा वर्षं आनंदाबाईंनी एकटीने दुकान चालवलं. गावच्या नळयोजनेची मोटार तर त्या दोघांशिवाय कुणी कधी उघडलीच नव्हती.

आणि आता पंचायतीत पत्र आलं होतं : सार्वजनिक पंपाला प्रमाणपत्रधारकानेच हात लावावा. हाताने काम शिकलेल्या कारागिरांसाठी अर्ध्या दिवसाची परीक्षा. गावची मोटार आपल्याच हातात राहावी एवढ्यासाठी आनंदाबाई बस धरून आल्या होत्या. सोबत अंकिता होती, दोन वर्षांपासून त्यांच्याकडे काम शिकणारी; तीही परीक्षेला बसली होती.

दुपारी सगळ्यांच्या मोटारी जोडून बघितल्या. बारांपैकी कितीतरी मोटारी घरघरल्या, एकीतून धूर निघाला. आनंदाबाईंची मोटार मात्र मांजर झोपेत गुरगुरावं तशी चालली. तासाभराने निकालाचा कागद आला. आनंदाबाईंच्या नावापुढे छापलं होतं : अकुशल.

त्या शब्दावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं. मग उठून थेट परीक्षकाच्या टेबलाशी गेल्या.

"बाबू, माही मोटार चालू हाये न?"

"आहे मावशी."

"हात लावून पाह्य. तापली काय?"

त्याने बिचाऱ्याने खरंच हात लावला. "नाही तापली. मस्त चालतेय."

"मंग लिही तसं."

"तसा रकानाच नाही यात. तोंडी प्रश्नांत शून्य असलं की पुढचं आपोआप बंद होतं. मी काय करू? सिस्टिम आहे."

"तुही सिस्टिम कधी इहिरीत उतरली काय?" आनंदाबाईंचा आवाज चढला नाही, पण शेजारच्या टेबलावरची माणसं बघू लागली. "चाळीस वर्षं झाली मले. उन्हाळ्यात लोक तोंडचं पाणी पळाल्यावानी दारात येतेत. त्याईले मी असं नाई सांगतलं का रकाना नाई म्हनून. अन् देशाले पुढं हात लागतेत म्हनता. हे जे हायेत, त्याईचं काय करता?"

परीक्षकाने टॅबलेट पालथा ठेवला. शेवटी म्हणाला, पुढच्या वर्षी पुन्हा बसा, प्रश्न आला की काहीही बोला, फक्त गप्प राहू नका.

परतीच्या बसमध्ये अंकिता खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिला ब्याण्णव टक्के मिळाले होते. तळेगाव मागे पडल्यावर ती रडायला लागली. "मावशी, जवाब देता देता माहे दोन वेढे चुकले. मोटार गरम झालती. मले माहीत होतं. तरी पास केलं त्याईनं."

आनंदाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना या पोरीचा राग नव्हता. राग होता तो त्या रंगीत खांबांचा, ज्यांत गरम मोटार कुशल ठरत होती आणि थंड मोटार अकुशल.

चैत्र सरता सरता गावची मोटार जळली. दोन दिवस बायका शिवारातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. तिसऱ्या दिवशी सरपंच बंडूजी आले, पायरीवर बसले, उन्हाबद्दल बोलले, तुरीबद्दल बोलले, आणि मग हळूच मुद्द्यावर आले. अंकिताजवळ प्रमाणपत्र आहे. कागदावर तिचं नाव घालू. काम तेवढं वैनींनी करून द्यावं. कोण बघायला येतं?

"म्हंजे हात माहे अन् नाव तिचं," आनंदाबाई म्हणाल्या.

"गावासाठी, वैनी."

"गावासाठीच नाई म्हनून राह्यली मी. आज लपून केलं, तर उद्या तुमच्या आराखड्यात लिहून येईल का सारं बराबर हाये, कागदवाल्याईनं पिंपळझरीले पानी पाजलं. खोटं हाये ते. मी नाई करत. ज्याले पास केलं त्याले करू द्या."

बंडूजी गेल्यावर त्यांनी अंकिताला बोलावलं. पोर दारातच उभी राहिली. "मावशी, मले नाई जमनार. तुम्ही फक्त बाजूले बसा."

आनंदाबाई बसल्या. तारेला बोट लावलं नाही, जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून अंकिता मोजत होती. दुसरं गुंडाळं झाल्यावर ती थांबली, बोटाने वेढे परत मोजले. मग कुणी न सांगता तिने गाठ सोडली आणि सगळी तार पुन्हा उकलली. आनंदाबाईंना तेव्हा आर्वीचा तो म्हातारा उस्ताद आठवला आणि त्या उठून चुलीवर चहा ठेवायला आत गेल्या. चहाला उगाच वेळ लावला.

पाचव्या दिवशी सकाळी मोटार विहिरीत उतरली. पंचायतीने अंकिताचा मोटारीसोबत फोटो काढून वर पाठवला. फोटोत आणखी कुणी नव्हतं.

चौकातल्या नळावर हंड्यांची रांग लागली होती. आनंदाबाई आपली कळशी घेऊन शेवटी उभ्या राहिल्या. रांगेत पुढे उभ्या असलेल्या शेजारच्या कमलाबाईंनी हाक मारली, "आनंदाबाई, पुढं या. पयलं पानी तुमचं."

"नाई व माय. भर तू. माहा नंबर येईल तवा भरीन."

नळातून आधी वारा आला, मग तांबूस पाणी आलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं पहिलं पाणी तसंच असतं. पुढच्या बायका तेच भरून घ्यायला लागल्या. आनंदाबाई कळशी कमरेवर धरून उभ्या राहिल्या, आणि नंबर आल्यावर थोड्या पाण्याने आधी कळशीच घासून विसळली. मग नितळ झालेल्या धारेखाली ती लावली.